जलशाहून परतताना

मराठवाड्यातील मुसलमानांच्या घरांत 'जलसा' हा शब्द दोन वाटांनी आला. उर्दूत जलसा म्हणजे सभा. कुणी आलिम किंवा कुणी पुढारी उभा राहून तकरीर करतो, लोक ऐकतात, दाद देतात, तो जलसा. मराठीत जलसा म्हणजे गाणी, सवाल-जवाब आणि सोंगे यांतून समाजाला चार खऱ्या गोष्टी सुनावणारा खेळ. महात्मा फुले यांच्या चळवळीतून सत्यशोधकी जलसे निघाले, पुढे भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. एका भाषेतले भाषण, ते दुसऱ्या भाषेत नाटक. नांदेड-लातूरकडच्या आपल्या मुलामुलींच्या वाट्याला हे दोन्ही जलसे आले.

सभांचा इतिहास लिहिला जातो तेव्हा वक्त्याचे नाव लिहिले जाते, ठराव लिहिले जातात, गर्दीचा अंदाज दिला जातो. ऐकायला कोण आले, कसे आले आणि परत जाताना आपसात काय बोलत गेले, हे कुणी लिहीत नाही. वर्गातली आठ-दहा मुले वर्गणी काढून, घरी परवानगी मागून, एखाद्या व्याख्यानाला किंवा राजकीय नाटकाला जातात आणि रात्री उशिरा वाद घालत परततात. ही गोष्ट किरकोळ वाटते. परंतु मराठवाड्यातील मुस्लिम तरुणाच्या बाबतीत ती किरकोळ नाही. हा समाज जलशातून बाहेर कसा फेकला गेला आणि पुन्हा आत कसा आला, याची कथा या ये-जा करण्यात दडलेली आहे.

उस्मानियाचा काळ

निजामाच्या राजवटीत नांदेड हे जिल्ह्याचे ठाणे होते. लातूर हे उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील व्यापारी गाव होते. नांदेडवरून हैदराबाद-गोदावरी व्हॅलीची मीटरगेज गाडी जाई, तर लातूरला बार्शी लाइटची छोटी गाडी येई. वरच्या शिक्षणासाठी मुलांना औरंगाबाद किंवा हैदराबाद गाठावे लागे. हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. शिक्षणाचे माध्यम उर्दू. देशी भाषेतून विज्ञान, कायदा, वैद्यक शिकवण्याचा तो मोठा प्रयोग होता आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

या राजवटीत सभा भरवणे मात्र सोपे नव्हते. 'गश्ती निशाण ५३' या परिपत्रकाने जाहीर सभेला पूर्वपरवानगीचे बंधन घातले होते. म्हणून राजकारण वेगवेगळ्या रूपांत वावरत असे. कुठे ते वाचनालय होई, कुठे गणेशोत्सवातला मेळा, तर कुठे मुशायरा. भाषणाला बंदी असली की लोक गाण्यातून आणि नाटकातून बोलतात, हा जगभरचा अनुभव हैदराबाद संस्थानालाही लागू पडला.

याच विद्यापीठात मखदूम मोहिउद्दीन नावाचा एक गरीब घरचा विद्यार्थी शिकत होता. पुढे हाच तरुण दख्खनचा मोठा उर्दू कवी आणि कामगारांचा पुढारी झाला. विद्यार्थिदशेत, १९३४ च्या सुमारास, त्याने बर्नार्ड शॉच्या नाटकावर बेतलेले 'होश के नाखून' हे नाटक रंगमंचावर आणले. चाळींच्या भाड्यावर श्रीमंत होणाऱ्या मालकांवरचे मूळ नाटक, ते उर्दूत आणणारी विद्यार्थी मंडळी आणि समोर हैदराबादचे प्रेक्षक. राजकीय नाटक आपल्या समाजाला परके आहे असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

१९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात आणि मग उस्मानियाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' सत्याग्रह झाला. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकले गेले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. त्या गीताविषयी मतभेद तेव्हाही होते आणि आजही आहेत. परंतु विद्यार्थी एकत्र येऊन दरबाराला नकार देऊ शकतात, हे संस्थानाने तेव्हा प्रथम पाहिले.

उस्मानियाच्याच पदवीधरांत शोएबुल्लाखान होता. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा हा तरुण संपादक भारतातील विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत राहिला आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत भररस्त्यात त्याची हत्या झाली. मखदूम आणि शोएबुल्ला यांची नावे येथे मुद्दाम घेतली. एकच विद्यापीठ, एकच उर्दू जबान. त्यातून दरबारी जी-हुजुरीही निघाली आणि बंडही निघाले. आपल्याकडे मात्र पुढे एकाच तऱ्हेच्या जलशाची आठवण उरली.

लातूरचा वकील

मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन ही संघटना १९२७ साली स्थापन झाली. तिचे नेते बहादूर यार जंग हे असामान्य वक्ते होते. त्यांची तकरीर ऐकायला तरुण लांबून येत. १९४४ साली त्यांचे निधन झाले आणि दोन वर्षांनी सूत्रे कासिम रझवीच्या हाती गेली. हा रझवी लातूरला वकिली करत असे.

रझवीचा जलसा ही वेगळीच चीज होती. तिथे श्रोत्याला एकच काम होते, नारा देण्याचे. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवण्याच्या गोष्टी तिथे होत, आणि असे कसे होणार, हा साधा सवाल विचारण्याची सोय नव्हती. रझाकारांनी खेड्यापाड्यांत लूट केली, माणसे मारली, हजारो हिंदू कुटुंबांना सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत पळून जावे लागले. हे सारे आपण स्वच्छपणे मान्य केले पाहिजे. ते मान्य केल्याशिवाय पुढचे बोलण्याचा हक्क आपल्याला पोहोचत नाही.

पुढचेही सांगायला हवे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस ॲक्शन सुरू झाली आणि पाच दिवसांत निजामाचे राज्य संपले. त्यानंतर जे घडले त्याची चौकशी करण्यासाठी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती हैदराबाद संस्थानात फिरली. मृतांचा आकडा किमान २७ ते ४० हजार असावा, असा तिचा अंदाज होता. सर्वांत जास्त हानी झालेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ही नावे घेतली. लातूरविषयी समिती लिहिते की तेथे वीसहून अधिक दिवस कत्तल चालू होती. सुमारे दहा हजार मुस्लिम वस्तीपैकी जेमतेम तीन हजार माणसे समितीला गावात आढळली. हजाराहून जास्त मारले गेले होते, बाकीचे जीव घेऊन निघून गेले होते. अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी आपल्या जिवावर उदार होऊन मुसलमानांना वाचवले, हेही त्याच अहवालात आहे. हा अहवाल सर्वसामान्य वाचकाला उपलब्ध व्हायला सहा दशके जावी लागली.

रझवी तुरुंगात गेला, १९५७ साली सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. त्याच्या भाषणांची किंमत मागे राहिलेल्यांनी मोजली. त्यात विणकर होते, बागवान होते, टांगेवाले होते, आणि ज्यांनी त्याचे एकही भाषण ऐकले नव्हते अशा विधवाही होत्या.

यानंतर आपल्या मोहल्ल्यांत एक अलिखित कायदा लागू झाला. मुलाने शाळेत जावे, नमाज पढावी, दुकानावर बसावे, पण जलशात जाऊ नये. सभा दिसली की रस्ता बदलावा. बाहेर कुणी राजकारण काढले तर मान हलवून गप्प बसावे. आज आपण या वडीलधाऱ्यांना भित्रे म्हणू नये. त्यांनी जे पाहिले होते, ते पाहिल्यावर माणूस याहून वेगळे काय सांगणार? त्यात भाषाही बदलली. कोर्टकचेरीची, शाळेची, बाजाराची उर्दू गेली आणि मराठी आली. सभेत बसायचे धैर्य असले तरी सभा ज्या भाषेत चालत होती, ती भाषा बापाला धड येत नव्हती. मुलाला ती शाळेने शिकवली. परतीची वाट मुलांकडून सुरू झाली ती अशी.

पीपल्स कॉलेजचे सभागृह

१९५० साली स्वामी रामानंद तीर्थ यांनी नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू केले. निजामाविरुद्धच्या लढ्याच्या या सेनापतीने लढा संपताच कॉलेज काढावे, यात मोठा अर्थ आहे. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आले, लातूरला १९६१ साली दयानंद महाविद्यालय आणि १९७० साली राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू झाले. आता देगलूर नाका, इतवारा आणि पीर बुऱ्हाणच्या मुलाला पदवीसाठी हैदराबाद गाठायची गरज उरली नाही.

या नांदेडच्या सभागृहांवर एका माणसाची छाप होती, ती म्हणजे नरहर कुरुंदकरांची. १९३२ साली जन्मलेला हा प्राध्यापक पुढे पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला. भरताच्या नाट्यशास्त्रापासून राज्यघटनेपर्यंत आणि मनुस्मृतीपासून इस्लामच्या इतिहासापर्यंत ते बोलत. त्यांची कितीतरी पुस्तके आधी व्याख्याने होती. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला एका कार्यक्रमात, व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले.

मुस्लिम राजकारणावरचे कुरुंदकरांचे लेखन आपल्यापैकी अनेकांना खटकते. मलाही त्यातील बरेच निष्कर्ष घाईचे वाटतात. सामान्य मुसलमानाचे दैन्य, त्याची भीती, १९४८ ची जखम यांना त्या मांडणीत पुरेशी जागा मिळाली नाही, असे माझे मत आहे. परंतु येथे मुद्दा त्यांच्या निष्कर्षांचा नसून व्याख्यानाच्या घडणीचा आहे. ते पुरावा मांडत, विरुद्ध बाजू आधी स्वतःच सांगत आणि मग तिला उत्तर देत. श्रोत्याला असे वाटे की याला उत्तर देता येईल, फक्त आधी वाचून यावे लागेल. रझवीच्या जलशात श्रोत्याचा आवाज वापरला जाई आणि बुद्धी बाहेर ठेवली जाई. इथे उलटा प्रकार होता. मुस्लिम मुलाला स्वतःच्या समाजावरची टीका मराठीत, चार लोकांत बसून ऐकावी लागली. ती त्याला बोचली, तो चिडला. चिडून तो वाचनालयात गेला असेल, तर व्याख्यानाचे काम झाले.

लातूरला असेच काम वेगळ्या अंगाने झाले. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे हे अमेरिकेतील काळ्या लोकांच्या साहित्याचे अभ्यासक. पुढे १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा ते त्याचे पहिले कुलगुरू झाले. गंजगोलाईच्या परिसरातून कॉलेजात येणाऱ्या मुलाला कळले की बहुसंख्याकांच्या देशात अल्पसंख्याक म्हणून जगण्याचा प्रश्न अटलांटिकच्या पलीकडेही आहे आणि तिथल्या लोकांनी तो गाण्यातून, नाटकातून, कादंबरीतून मांडला आहे. आपल्या दुःखाला जगात सोबती आहेत, हे समजणे हेही शिक्षणच असते.

प्रासंगिक करार

आता या सहलींची रीत थोडी सांगतो, कारण आजच्या मुलांना ती ठाऊक नाही. सूचना फलकावर एक कागद लागायचा. व्याख्यानमाला असेल तर पायी किंवा सायकलवर जायचे. राज्य नाट्य स्पर्धेतले नाटक असेल, विद्यापीठाचा युवक महोत्सव असेल किंवा दुसऱ्या गावचे संमेलन असेल, तर वर्गणी काढून एस.टी.ची गाडी 'प्रासंगिक करारा'वर घ्यायची. तेवढे पैसे जमले नाहीत तर टेम्पो, नाहीतर मुक्कामाची गाडी. बरोबर एक सर, मुली असतील तर एक मॅडम. नांदेड ते लातूर हा तीन-चार तासांचा रस्ता आणि वाटेत अहमदपूरचा चहा.

आपल्या घरांत अडचण असे ती परतण्याच्या वेळेची. मगरिबनंतर मुलगी घराबाहेर कशी, हा प्रश्न अब्बांपेक्षा शेजारी जास्त विचारीत. मुलांची अडचण निराळी होती. घरी 'नाटक' म्हटले की तमाशा डोळ्यांसमोर यायचा आणि 'सभा' म्हटले की १९४८. म्हणून बरीच मुले 'कॉलेजचा कार्यक्रम आहे' एवढेच सांगून निघत. कॉलेज हा शब्द घरच्यांना धीर देई. राष्ट्रीय सेवा योजनेचा बिल्ला शर्टावर असला तर आणखी बरे. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेच्या शिबिरांत हुंडा, दारू, साक्षरता यांवर पथनाट्ये बसवली जात आणि प्रेक्षक म्हणून गेलेला मुलगा एखाद्या दिवशी हातात डफ घेऊन उभा राहिलेला दिसे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात अनेक कॉलेजांतली मुले मदतीला धावली. चार लोकांबरोबर गाडीत बसून निघण्याची सवय असली की माणूस संकटातही लवकर निघतो.

खरा कार्यक्रम परतीच्या गाडीत होई. जाताना गाणी आणि भेंड्या, येताना वाद. वक्ता बरोबर बोलला का? नाटकातला मुसलमान नेहमी दगाबाज किंवा खानसामाच का असतो? तू गप्प का बसलास? असे प्रश्न सभागृहात विचारण्याची हिंमत नसते, पण अंधाऱ्या गाडीत ती येते. हिंदू, बौद्ध, लिंगायत, मुसलमान मुले एका बाकावर बसून एकमेकांची उलटतपासणी करीत. कधी आवाज चढत, कधी दोघे आठ दिवस बोलत नसत. पण दुसऱ्या वर्षी फलकावर कागद लागला की तेच दोघे पुन्हा वर्गणी गोळा करताना दिसत.

शेजारच्या खुर्चीतला माणूस

या सहली नेहमी शांततेच्या काळात झाल्या असे नाही. १९७४ साली मराठवाडा विकास आंदोलन पेटले. वसमतला पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थी बळी पडले. रोजगार, रेल्वे, सिंचन या मागण्या साऱ्या मराठवाड्याच्या होत्या आणि त्या मोर्चांत आपली मुलेही चालली. वर्षभरात आणीबाणी आली आणि सभागृहे मुकी झाली.

मग २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्याने या काळात फार वाईट दिवस पाहिले. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांना जिवंत जाळण्यात आले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले आणि त्याआधी नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले होते.

त्या दिवसांत आपण कुठे होतो? हा सवाल आपल्या समाजाने स्वतःला पुरेसा विचारलेला नाही. जळते घर म्हणजे काय, हे मराठवाड्यात आपल्याइतके कुणाला ठाऊक होते? तरीही 'हे आपले भांडण नाही' असे म्हणणे सोयीचे होते. दलित मित्राच्या शेजारी बसून नाटक पाहिलेल्या मुलाला मात्र हे म्हणणे जड गेले असणार.

नांदेड जिल्ह्यातले आणि नांदेडातच अध्यापन केलेले दत्ता भगत यांचे 'वाटा पळवाटा' हे नाटक १९८७ साली पुस्तकरूपाने आले. आंबेडकरी चळवळीतल्या वेगवेगळ्या पिढ्यांची माणसे एकमेकांशी भांडतात. बाबासाहेबांना पाहिलेला वडीलधारा, नोकरी-घर सांभाळून विचार करणारा प्राध्यापक आणि रस्त्यावर उतरलेला तरुण. कुणीच सर्वस्वी चूक नाही, कुणीच सर्वस्वी बरोबर नाही. मुस्लिम प्रेक्षकाने हे नाटक पाहताना त्या घराच्या जागी आपले घर ठेवून पाहावे. १९४८ पाहिलेले दादा, 'गप्प बस आणि शीक' म्हणणारे अब्बा, आणि 'किती दिवस गप्प बसायचे' म्हणणारा मुलगा. आपल्या घरातले हे भांडण आपल्या लेखकाने अजून इतक्या प्रामाणिकपणे रंगमंचावर मांडलेले नाही. भगतांनी आपल्या समाजाचे मतभेद सगळ्यांसमोर मांडले, कारण त्यांना माहीत होते की लपवलेले मतभेद समाजाला आतून पोखरतात.

तसा मराठी जलशाचा एक मोठा वारसा आपल्याच दारात आहे. लातूरहून छोट्या गाडीने बार्शीला जाता येई. त्या बार्शीत १९१६ साली मेहबूब हुसेन पटेल जन्मला आणि तो शाहीर अमर शेख झाला. अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ साली त्याने लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्याच्या आवाजाने मैदाने भरली. मुसलमान मराठीत काय बोलणार, असे विचारणाऱ्याला अमर शेख हे एक नाव पुरेसे आहे. पण किती मोहल्ल्यांत त्याची तसबीर आहे?

भीमनगरच्या मोहल्ल्यात

१ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीजवळ झंडापूरला 'हल्ला बोल' हे पथनाट्य चालू असताना सफदर हाश्मी यांच्यावर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. ४ जानेवारीला त्यांची पत्नी मलयश्री आणि सहकारी त्याच जागी परत गेले आणि अपुरे राहिलेले नाटक त्यांनी पुरे केले. ही बातमी देशभरातल्या कॉलेजांत पोहोचली. १२ एप्रिल हा सफदरचा जन्मदिवस पथनाट्य दिवस म्हणून पाळला जाऊ लागला.

पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, सोलापूरला प्रा. फक्रुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. यू. म. पठाण यांनी भूषवले. कालपर्यंत मागच्या रांगेत बसून ऐकणारा मुसलमान आता व्यासपीठावरून मराठीत बोलू लागला. लातूरकडचे कवी फ. म. शहाजिंदे यांच्यासारखे लेखक याच मातीतून वर आले.

राजकीय नाटकाचा मराठवाड्यातला सर्वांत मोठा अलीकडचा प्रसंग २०१२ सालचा. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक शाहीर संभाजी भगत यांच्या संकल्पनेतून आले. राजकुमार तांगडे यांनी ते लिहिले, नंदू माधव यांनी दिग्दर्शित केले. त्यातले बरेचसे कलावंत जालना जिल्ह्यातले, शेतीवर जगणारे. यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो, पण महाराजांचे विचार मागे राहतात. मग महाराजांची पगडी नेमकी कुणाच्या डोक्यावर बसते, याचा शोध सुरू होतो. दोन गटांत शाहिरी सवाल-जवाब रंगतात आणि शिवाजी कुणाचा, याचा निवाडा प्रेक्षकांसमोर होतो.

याच्या मुळाशी गोविंद पानसरे यांचे एक व्याख्यान आहे असे म्हणता येईल. १९८७ साली त्यांनी दिलेल्या भाषणांतून पुढच्या वर्षी 'शिवाजी कोण होता?' ही छोटी पुस्तिका तयार झाली आणि तिने हा सवाल घरोघर नेला. आरमारातले दौलतखान आणि दर्यासारंग, सरदार सिद्दी हिलाल, पायदळाचे नूरखान बेग, चिटणिशी सांभाळणारे काझी हैदर ही नावे सामान्य वाचकाला अशा लेखनातून कळली. ऐतिहासिक नाटकात अफझलखानाचा प्रवेश आला की मुस्लिम विद्यार्थी खुर्चीत आखडून बसतो. आजूबाजूच्या शिट्ट्या आपल्यालाच आहेत असे त्याला वाटते. त्याच विद्यार्थ्याने हे नाटक ताठ मानेने पाहिले. महाराजांच्या दरबारात आपलाही कुणी होता, हे त्याला मराठी रंगमंचाने सांगितले. एखाद्या मुलाच्या मनातली भीती घालवायला अशी एक संध्याकाळ पुरते.

बोलण्याची किंमत मात्र आजही मोजावी लागते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला ते गेले. दोघेही आयुष्यभर कॉलेजांतून तरुणांशी बोलत राहिले होते.

आज फलकावर कागद कोण लावतो?

१९९० च्या दशकात 'लातूर पॅटर्न' नावारूपाला आला. गरीब शेतकऱ्यांची, कारागिरांची मुले डॉक्टर-इंजिनिअर झाली, आपल्या समाजातलीही झाली. त्याबद्दल लातूरचे ऋण मानले पाहिजे. पण पहाटेपासून रात्रीपर्यंत शिकवणी, सराव परीक्षा आणि अभ्यासिका यांच्या चक्रात मुलांची संध्याकाळ हरवली. आता व्याख्यानमालेला पांढऱ्या केसांची माणसे येतात. भाषणे मोबाइलवर येतात, एकेकट्याने ऐकली जातात आणि ज्याला जे आवडते तेच त्याच्यापुढे पुन्हा पुन्हा येते. नारा आहे, सवाल नाही. रझवीच्या जलशाची ही नवी आवृत्ती प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि ती एकाच समाजाच्या खिशात आहे असेही नाही.

२०१९-२० च्या हिवाळ्यात नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत लोक मैदानात बसले. तेथे मुली उभ्या राहिल्या आणि त्यांनी संविधानाची उद्देशिका मराठीतून, उर्दूतून वाचली. त्यांच्या आज्यांना सभेकडे पाहायचीही बंदी होती. सत्तर वर्षांत एवढी वाट चालून झाली, हे लक्षात घ्यावे. ही वाट कुणा एका पुढाऱ्याने बांधून दिलेली नाही. वर्गणी काढून, परवानगी मागून, कधी अर्धवट सांगून, एस.टी.च्या खिडकीशी झोपत-भांडत आलेल्या मुलामुलींनी ती चालून चालून तयार केली.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आपल्या समाजाच्या शाळा-कॉलेजांची संख्या आता कमी नाही. तेथील प्राचार्यांनी वर्षातून दोनदा तरी मुलांना, आणि मुलींना जास्त आग्रहाने, एखाद्या गंभीर नाटकाला किंवा व्याख्यानाला न्यावे. आपल्याच समाजाच्या व्याख्यानाला नेऊ नये, जिथे आपले मत पटणार नाही अशा ठिकाणीही न्यावे. गाडी एकाच मोहल्ल्याची भरू नये. आणि दुसरी गोष्ट अशी, की ज्यांनी साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांत हे जलसे पाहिले ती माणसे आता थकली आहेत. कुणाबरोबर गेलात, काय पाहिलेत, परतताना कशावरून भांडलात, हे त्यांच्याकडून ऐकून लिहून घ्यावे. १९४८ वर गप्प बसल्यामुळे आपले किती नुकसान झाले ते आपण पाहिले. त्यानंतर आपण कसे बोलू लागलो, तेही लिहायचे राहून गेले तर पुढची पिढी समजेल की हा समाज कायम गप्पच होता. ते खरे नाही.